जपानमधील जुन्या घरगुती भोजनगृहात जेवायला जाताना

जपानच्या कोणत्याही जुन्या वस्तीत, रेल्वे स्थानकापासून दोन-चार गल्ल्या आत गेले की दहा-पंधरा आसनांचे एखादे भोजनगृह हमखास दिसते. दारावर उन्हाने विटलेला कापडी पडदा, शेजारच्या काचेच्या कपाटात धूळ बसलेले खाद्यपदार्थांचे नमुने, आत कोपऱ्यात चालू असलेला दूरचित्रवाणी संच, भिंतीवर पदार्थांची नावे हाताने लिहिलेल्या कागदी पट्ट्या, ओट्यामागे स्वयंपाक करणारे एक वयस्क गृहस्थ आणि ताटे नेऊन देणाऱ्या त्यांच्या पत्नी, असा साधारण थाट असतो. अशा जागेला शोकुदो म्हणतात. जपानी माणसाचे रोजचे जेवण कसे असते हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे, त्याने सुशीच्या महागड्या दुकानाआधी इथे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र इथे इंग्रजी मेनू बहुधा नसतो आणि नवख्याला समजावून सांगण्याइतका वेळही कोणाला नसतो. त्यामुळे अनेक जण दारापर्यंत जातात आणि परत फिरतात. त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

प्रारंभीच एक गोष्ट लक्षात ठेवावी, म्हणजे पुढचे सगळे सोपे होते. ही जागा दोन, फार तर तीन माणसे चालवतात. तेच भाजी आणतात, तेच शिजवतात, तेच वाढतात, भांडी घासतात आणि गल्ल्यावरही तेच बसतात. दुकानाच्या वेळा, मेनूची रचना, मागणी देण्याची पद्धत, पैसे देण्याची रीत आणि गिऱ्हाइकाकडून असलेल्या अपेक्षा या सगळ्यांच्या मुळाशी हीच वस्तुस्थिती आहे. एखादा रिवाज ठाऊक नसला तरी, या दोन माणसांचे काम कशाने हलके होईल, एवढा विचार केला की बहुतेक वेळा योग्य तेच वागणे घडते.

ही भोजनगृहे आली कुठून

१९१८ मध्ये तांदळाच्या भाववाढीमुळे जपानभर दंगली झाल्या. त्यानंतर टोक्यो, ओसाका अशा मोठ्या शहरांत नगरपालिकांनी कष्टकऱ्यांसाठी स्वस्त सार्वजनिक भोजनगृहे उघडली आणि त्यांच्या जोडीने खासगी भोजनगृहेही वाढत गेली. १९४१ मध्ये तांदळाचे रेशनिंग सुरू झाल्यावर बाहेर जेवणाऱ्याला कूपन दाखवावे लागे आणि ती कूपने स्वीकारणारी भोजनगृहे युद्ध संपल्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिली. पुढे औद्योगिक भरभराटीच्या काळात उत्तर जपानच्या खेड्यांतून शाळा संपवून निघालेली पंधरा-सोळा वर्षांची मुले खास रेल्वेगाड्यांनी टोक्योच्या उएनो स्थानकात उतरत आणि कारखान्यांत, दुकानांत कामाला लागत. घरापासून दूर राहणाऱ्या या मुलांना परवडणारे गरम जेवण अशाच भोजनगृहांनी दिले. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळींचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला हे चित्र परके वाटणार नाही.

जपानी माणूस अशा जागेविषयी ‘शोवा काळातली’ असे जिव्हाळ्याने म्हणतो. शोवा कालखंड १९२६ ते १९८९ हा असला, तरी मनात असतात ती १९५० ते १९७० ची दशके. त्या काळात सुरू झालेल्या दुकानांचे मालक आता वृद्ध झाले आहेत, मुलांना हा व्यवसाय नको असतो आणि दरवर्षी कितीतरी पडदे कायमचे उतरतात. म्हणून जाण्याचा विचार असेल तर लांबणीवर टाकू नये.

जागा कशी शोधावी

टोक्योत असाल तर शहराच्या पूर्वेकडे वळावे. उएनो, आसाकुसा, सुमिदा, कात्सुशिका आणि आदाची या भागांत अशी भोजनगृहे अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. सुगामोच्या बाजारपेठेतले तोकिवा शोकुदो आणि आसाकुसातले मिझुगुची ही दोन्ही नावाजलेली ठिकाणे आहेत, तिथे परक्या माणसालाही संकोच वाटत नाही. ओसाकाजवळच्या साकाई शहरातले गेकोतेई हे भोजनगृह केवळ त्याच्या भातासाठी प्रसिद्ध आहे. तिथे मांडून ठेवलेल्या पदार्थांतून आपण हवे ते उचलायचे आणि वर गरम भात घ्यायचा. एरवी कोणत्याही शहरात घाऊक बाजार, मासळी बंदर, जुनी कारखाना-वस्ती किंवा छप्पर असलेली जुनी बाजारगल्ली गाठली की शोध सोपा होतो. नोकरीनिमित्त पूर्व टोक्योतल्या निशी-कासाई परिसरात राहणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना तर उएनो किंवा आसाकुसा अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे.

गिऱ्हाइके भोजनगृहांना गुण देतात त्या ताबेलोग या संकेतस्थळावरचे गुण पाहत असाल तर एक सूचना. जपानी लोक गुण देताना हात आखडता घेतात. पाचपैकी साडेतीन गुण म्हणजे तिथे चांगलेच नाव, आणि या प्रकारची उत्तम भोजनगृहे सव्वातीनच्या आसपासही सापडतात. गुणांपेक्षा छायाचित्रे पाहावीत. भिंतीवरच्या पट्ट्या, ताटातला ऐवज आणि दाराची खूण हे तिन्ही आधी पाहून ठेवले, तर प्रत्यक्ष गेल्यावर गोंधळ होत नाही. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते तेही तिथेच दिसते.

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी दाराजवळची धूम्रपानाची खूण अवश्य पाहावी. एप्रिल २०२० पासून जपानमध्ये उपाहारगृहांत धूम्रपानावर निर्बंध आहेत, परंतु जुन्या आणि लहान दुकानांना त्यातून सवलत मिळते. टोक्योचा नियम देशाच्या नियमाहून कडक आहे. तिथे ही सवलत पगारी नोकर नसलेल्या, म्हणजे नेमक्या घरच्याच माणसांनी चालवलेल्या दुकानांना लागू होते. आत सिगारेट ओढण्याची मुभा असेल तर तशी पाटी दारावर लावणे बंधनकारक आहे आणि अशा भागात २० वर्षांखालील कोणालाही प्रवेश नसतो.

वेळ निवडणे

दुपारचे जेवण साधारण अकरा-साडेअकराला सुरू होते आणि दोनच्या सुमारास दुकान बंद होते. संध्याकाळी पाचच्या पुढे ते पुन्हा उघडते. मधल्या वेळात मालक झोप काढतात, बाजार करतात, रात्रीची तयारी करतात. बारा ते एक या तासात आजूबाजूचे कर्मचारी येतात आणि त्यांना ठरलेल्या वेळेत कामावर परतायचे असते. नवख्याने त्या तासात जाऊ नये. सव्वाअकराला किंवा दुपारी सव्वा वाजल्यानंतर गेले तर जागा मिळते, मालकीणबाईंना दोन शब्द बोलायला उसंत असते आणि आपल्यालाही पट्ट्या वाचायला वेळ मिळतो. फार उशिरा जाण्याचा तोटा असा की रोजचा खास पदार्थ तोवर संपलेला असतो.

चारांहून अधिक माणसांनी एकत्र जाणे टाळावे. सहा-सात जणांचा गट गेला की अर्धे दुकान भरते आणि एकाच शेगडीवर एकदम सात ताटांचा भार पडतो. मंडळी जास्त असतील तर दोन गटांत, दोन वेगळ्या वेळी जावे.

दारातून आत

दारावरचा पडदा, म्हणजे नोरेन, बाहेर लटकत असेल तर दुकान चालू आहे. आत घेतलेला असेल तर बंद आहे. दिवे लागलेले आणि स्वयंपाकाचा वास येत असला तरी पडदा नसेल तर दार उघडू नये, कारण तयारी चालू असते. दार सहसा बाजूला सरकणारे असते आणि आत गेल्यावर आपणच ते हळूच ओढून घ्यायचे असते. आत जाताना पडदा हाताने अलगद बाजूला करावा.

आतून स्वागताची हाक येईल. तिला उत्तर देण्याची गरज नसते, किंचित मान लववली तरी पुरे. लगेच बोटांनी माणसांची संख्या दाखवावी. एकटे असाल तर ‘हितोरी देस’, दोघे असाल तर ‘फुतारी देस’. मालकीणबाई हाताने जागा दाखवतील तिथेच बसावे. मोकळे दिसते म्हणून एकट्याने चौघांच्या टेबलावर जाऊन बसू नये. गर्दीत अनोळखी माणसाच्या समोर बसायला सांगितले जाते, तेही इथे अगदी सामान्य आहे. मान लववून बसावे, संभाषण सुरू करण्याची अपेक्षा नसते. पाठपिशवी शेजारच्या खुर्चीवर न ठेवता पायाशी किंवा खुर्चीखालच्या टोपलीत ठेवावी. बाबागाडी असेल तर ती दाराबाहेर घडी करून ठेवावी लागेल, हे गृहीत धरूनच निघावे.

पाणी किंवा चहा आणि हात पुसायचा ओला रुमाल न मागता येतो आणि त्याचे पैसे लागत नाहीत. काही ठिकाणी पाण्याचा जग टेबलावरच असतो किंवा कोपऱ्यातल्या यंत्रातून आपण घ्यायचे असते. शेजारचे काय करतात ते पाहावे. रुमाल हातांसाठी आहे, त्याने तोंड किंवा मान पुसणे बरे दिसत नाही.

काय मागवावे

दारातल्या कपाटातले मेणाचे किंवा प्लॅस्टिकचे नमुने नवख्याला फार उपयोगी पडतात. हा उद्योग मोठ्या प्रमाणावर उभा करणारे इवासाकी ताकिझो यांनी १९३२ मध्ये ओसाकात आपला व्यवसाय सुरू केला, आणि त्यांचे गाव गुजो हाचिमान आजही या नमुन्यांसाठी ओळखले जाते. काहीच वाचता आले नाही तर मालकीणबाईंना दारापर्यंत नेऊन नमुन्याकडे बोट दाखवणे यात काही गैर नाही. नमुन्याचे छायाचित्र आधीच काढून आत दाखवले तर त्यांची तेवढीही ये-जा वाचते.

मेनूतला मुख्य प्रकार म्हणजे तेइशोकु, अर्थात पूर्ण ताट. भात, मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे) सूप, लोणचे, एखादी छोटी वाटी आणि एक मुख्य पदार्थ एवढे त्यात येते. किंमत बहुतेक ठिकाणी हजार येनच्या आगेमागे असते. मुख्य पदार्थात भाजलेला किंवा मिसोत शिजवलेला बांगडा (साबा), आल्याच्या रसात परतलेले डुकराचे मांस, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला मासा, कोंबडीचे तळलेले तुकडे अशी नेहमीची नावे असतात. शिवाय भातावर अंडे आणि मांस पसरलेले मोठे वाडगे, आमलेटात गुंडाळलेला टोमॅटोचा भात, केचपमधले स्पॅगेटी आणि जपानी पद्धतीची करीही मिळते. ही करी आपल्या ओळखीची नाही; ती इंग्रजांच्या मार्गाने जपानला गेली, दाट आणि किंचित गोड असते आणि चमच्याने खाल्ली जाते.

निर्णय होत नसेल तर ‘हिगावारी’ मागावे. हे त्या दिवसाचे ताट. सकाळी बाजारात जे चांगले आणि स्वस्त मिळाले त्यावर ते ठरते, मोठ्या पातेल्यात आधीच तयार असते आणि लवकर येते. मालकांच्या सोयीचे आणि गिऱ्हाइकाच्या फायद्याचे असे एकच उत्तर मेनूत असेल तर ते हेच, आणि पहिल्या भेटीत मी दुसरे काही सुचवणार नाही. ऋतूकडेही लक्ष असावे. तळलेल्या कालवांची पट्टी थंडीच्या दिवसांतच लागते, आणि एखादी कोरी नवी पट्टी जुन्या पिवळ्या पट्ट्यांमध्ये उठून दिसत असेल तर ती आजची आहे असे समजावे.

काही भोजनगृहांत छोट्या वाट्या काचेच्या कपाटात मांडलेल्या असतात. पालक, भोपळा, समुद्री शेवाळ, बटाट्याचे सॅलड, थंड टोफू अशा वाट्या आपण उचलून टेबलावर आणायच्या आणि शेवटी त्या मोजून हिशेब होतो. इतर काही ठिकाणी दाराशीच तिकिटाचे यंत्र असते. आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचे, आलेले तिकीट ओट्यावर ठेवायचे. या यंत्रांविषयी एक व्यावहारिक सूचना: ३ जुलै २०२४ रोजी जपानमध्ये नव्या नोटा आल्या, आणि लहान दुकानांतली जुनी यंत्रे त्या घेतीलच असे नाही. २०२१ मध्ये आलेल्या ५०० येनच्या नव्या नाण्याचीही तीच गत आहे. जवळ १०० येनची नाणी भरपूर ठेवावीत.

मागणी द्यायला तयार झालात की ‘सुमिमासेन’ अशी एक स्पष्ट हाक द्यावी. हात हलवत राहणे किंवा टिचक्या वाजवणे उद्धटपणाचे ठरते. पट्टीकडे किंवा मेनूकडे बोट दाखवून ‘कोरे ओनेगाई शिमास’ म्हणावे. सगळ्यांची मागणी एकदमच द्यावी, पेये धरून. पाच-पाच मिनिटांनी एकेक वस्तू मागवली तर एकट्याने चाललेल्या स्वयंपाकाची घडी विसकटते. प्रत्येक माणसामागे निदान एक पदार्थ मागवणे हा अलिखित नियम आहे. एक ताट दोघांत खाणे चालत नाही, लहान मुलांचा अपवाद सोडून.

भाताचे प्रमाण मात्र जरूर सांगावे. कमी हवा असेल तर ‘गोहान सुकुनामे दे’, जास्त हवा असेल तर ‘ओमोरी’. भात उरवणे इथे मनाला लागते, आणि उरलेले बांधून देण्याची पद्धत नाही. पूर्वी अनेक ठिकाणी भात पुन्हा फुकट मिळे; २०२४ च्या उन्हाळ्यानंतर तांदळाचे भाव कडाडल्यापासून काहींनी ही सवलत बंद केली आहे, तेव्हा विचारून घ्यावे.

शाकाहारी आणि इतर पथ्ये पाळणाऱ्यांसाठी

या भागावर मुद्दाम थांबतो, कारण मराठी वाचकांपैकी पुष्कळांचे पाऊल इथेच अडते. स्पष्टच सांगायचे तर पूर्ण शाकाहारी माणसासाठी शोकुदो ही कठीण जागा आहे. याचे कारण मांसापेक्षा दाशी हे आहे. वाळवून किसलेला काट्सुओ मासा, सुकी छोटी मासळी किंवा समुद्री शेवाळ यांच्या पाण्यावर इथला जवळजवळ सगळा स्वयंपाक उभा असतो. मिसोच्या सूपात ती असते, शिजवलेल्या भोपळ्यात असते, उदोन आणि सोबा या शेवयांच्या रश्शात असते, अंड्याच्या गोडसर वडीतही बहुधा असते. पालकाच्या वाटीवर वरून माशाचे पापुद्रे भुरभुरलेले असतात. परतलेल्या भाजीत डुकराच्या मांसाचे तुकडे येतात, बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम असते, बटाट्याच्या तळलेल्या वड्यांत बहुतेकदा खिमा असतो आणि त्याच कढईत मांस व मासे तळलेले असतात.

दुपारच्या गर्दीत ‘यातून दाशी काढून द्या’ अशी विनंती करण्यात अर्थ नाही. दाशी पहाटेच पातेल्यात पडलेली असते, ती काढता येत नाही. म्हणून काय मिळू शकते तेवढेच मागावे. पांढरा भात, थंड टोफू (‘काट्सुओबुशी नाशी दे’, म्हणजे माशाचे पापुद्रे नकोत, असे सांगून), उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, मुळ्याचे किंवा काकडीचे लोणचे, आंबवलेले सोयाबीन म्हणजे नात्तो (सोबतची सॉसची पुडी बाजूला ठेवून, कारण तिच्यात माशाचा अर्क असतो, त्याऐवजी टेबलावरचा साधा सोया सॉस वापरावा), आणि अंडे चालत असेल तर अर्धकच्चे तळलेले अंडे. एवढ्यात पोट भरते. लोणच्यातही क्वचित माशाचा अर्क असतो, त्यामुळे कडक पथ्य असेल तर तेही विचारावे. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’ म्हणजे मांस व मासे खात नाही, आणि ‘दाशी मो दामे देस’ म्हणजे दाशीही चालत नाही. ही दोन वाक्ये जपानी लिपीत फोनवर लिहून ठेवून, मागणी देण्यापूर्वी दाखवावीत. त्यावर मालकांनी नम्रपणे नकार दिला तर वाईट वाटून घेऊ नये. चुकीचे काही खाऊ घालण्यापेक्षा नाही म्हणणे त्यांना प्रामाणिकपणाचे वाटते. अत्यंत कडक शाकाहार असणाऱ्यांनी देवळांशी संबंधित शोजिन र्योरी या शाकाहारी परंपरेकडे वळावे, तिथे समाधानाने जेवता येते.

गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी प्रांतभेद ध्यानात ठेवावा. मांस-बटाट्याची निकुजागा ही भाजी आणि करी यांत टोक्योकडे बहुधा डुकराचे मांस असते, तर ओसाका-क्योतोकडे गोमांस. केवळ ‘मांस’ एवढे लिहिले असेल तर पश्चिम जपानमध्ये त्याचा अर्थ गोमांस असाच घ्यावा. करी करायला वापरतात त्या विकतच्या मसाल्याच्या वड्यांतही प्राण्यांची चरबी असू शकते. मासे खाणाऱ्या मराठी माणसाला मात्र इथे काही कमी नाही. भाजलेला बांगडा आणि भात समोर आला की कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला आणखी काही सांगावे लागत नाही.

जेवताना

ताट समोर येते तेव्हा भात डावीकडे, सूप उजवीकडे आणि मुख्य पदार्थ त्यामागे अशी मांडणी असते. ती तशीच ठेवावी. हात जोडून किंवा नुसतेच हळू आवाजात ‘इतादाकिमास’ म्हणून सुरुवात करावी.

भाताची वाटी डाव्या हातात उचलून तोंडाजवळ आणायची असते. डावा हात अन्नाला लावू नये अशी शिकवण लहानपणापासून मिळाल्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना हे पहिल्यांदा जड जाते आणि ते वाटी टेबलावर ठेवून त्यावर वाकून खातात. जपानमध्ये ते वाकणेच वाईट दिसते. सूपाची वाटीही उचलून ओठांना लावायची, आतले टोफूचे तुकडे काड्यांनी घ्यायचे. दुसरी सवय आवरायची ती कालवण्याची. आमटी-भाताप्रमाणे सूप भातावर ओतू नये, सोया सॉसही पांढऱ्या भातावर ओतू नये. एक घास भाताचा, एक घोट सूपाचा, एक तुकडा माशाचा असे फिरत राहायचे. भात कोरडा राहतो असे वाटेल, पण तो चिकटसर असतो आणि स्वतःच्या चवीवर खाल्ला जावा अशाच बेताने शिजवलेला असतो.

बांगड्याचे ताट आले तर थोडे थांबून पाहावे. अर्धी फोड असते, सालीवर सुरीच्या तिरप्या खाचा आणि त्यांच्या कडेने करपलेले काळे डाग, चरबी अजून बारीक बुडबुडत असते. शेजारी किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा ओलसर ढीग. सोया सॉसचे दोन थेंब त्या मुळ्यावर टाकावेत, माशावर नाही, कारण मासा आधीच खारवलेला असतो. काड्यांची टोके खाचेत घालून डाव्या बाजूने सुरुवात करावी, लहान तुकडा सोडवावा, त्यावर चिमूटभर मुळा ठेवावा आणि लगेच भाताचा घास घ्यावा. मुळ्याच्या किंचित तिखट पाण्याने चरबीचा चिकटपणा निघून जातो. मधल्या रेषेजवळ काटे लागतात. ते ताटलीच्या एका कोपऱ्यात गोळा करून ठेवावेत. फोड उलटी करू नये. साल खाण्यासारखी असते आणि माझ्या मते तीच सर्वांत चवदार.

काड्यांविषयी दोनच गोष्टी कधीही करू नयेत. भातात त्या उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत अन्न देऊ नये. दोन्ही कृती जपानमध्ये अंत्यसंस्काराशी जोडलेल्या आहेत. बाकी पकडण्याची ढब चुकली तरी कोणी काही म्हणत नाही. जमतच नसेल तर चमचा मागावा, त्यात कमीपणा नाही.

बोलणे हलक्या आवाजात असावे, फोनवर बोलायचे असेल तर बाहेर जावे. स्वतःच्या ताटाचे छायाचित्र काढायला हरकत नसते. मात्र दुकानाचा अंतर्भाग, मालक किंवा इतर गिऱ्हाइके टिपायची असतील तर आधी विचारावे. दुपारी जेवण संपल्यावर गप्पा मारत बसू नये. संध्याकाळी बीअरची बाटली घेऊन बसणारी मंडळी असतात आणि तेव्हा वातावरण सैल असते, पण दुपारी अर्ध्या तासात खुर्ची मोकळी करणे हीच रीत आहे.

पैसे आणि निरोप

उठण्यापूर्वी वाट्या एकात एक रचू नयेत. जुन्या लाखेच्या वाट्यांना चरे पडतात. ओट्याशी बसला असाल आणि समोर उंच फळी असेल, तर ट्रे उचलून तिच्यावर ठेवणे हे अनेक ठिकाणी अपेक्षित असते. शेजाऱ्याने ठेवला तर आपणही ठेवावा. टेबलावर सांडले असेल तर तिथल्याच फडक्याने पुसून घ्यावे.

रोख पैसे जवळ हवेतच. कार्ड किंवा फोनवरून पैसे घेणारी जुनी दुकाने वाढली असली तरी त्यावर विसंबू नये, आणि एका ताटासाठी १०,००० येनची नोटही पुढे करू नये. गल्ल्यापाशी जाऊन ‘ओकाइकेइ ओनेगाई शिमास’ म्हणावे आणि पैसे हातात न देता छोट्या तबकात ठेवावेत. प्रत्येकाने वेगवेगळे पैसे देणे गर्दीच्या वेळी अडचणीचे होते, म्हणून एकाने भरून बाहेर वाटून घ्यावे. एप्रिल २०२१ पासून करासह किंमत दाखवणे सक्तीचे आहे, तेव्हा पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा बहुधा जास्त लागत नाही. टिप ठेवू नये. टेबलावर नाणी राहिली तर विसरलात असे समजून मालकीणबाई रस्त्यापर्यंत मागे येतात, आणि त्यांच्या कामात तेवढीच भर पडते.

निघताना ‘गोचिसोसामा देश्ता’ म्हणावे, तेही ओट्यामागच्या माणसाला ऐकू जाईल इतके स्पष्ट. ज्याने रांधले त्याला ते पोहोचणे आवश्यक आहे. जेवण आवडले असेल तर आधी ‘ओइशिकत्ता देस’ एवढे जोडावे.

आठवड्यातून एकदा त्याच दुकानात, त्याच सुमारास जात राहिलात तर काही दिवसांत भाताचे प्रमाण सांगावे लागत नाही आणि मासा खाता की नाही हेही लक्षात ठेवले जाते. फक्त ऑगस्टच्या मध्यातले ओबोन या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाचे दिवस आणि ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी हा काळ बहुतेक घरगुती भोजनगृहे बंद असतात. सुट्टीच्या तारखा आठवडाभर आधी दारावर हाताने लिहून लावल्या जातात, त्या फोनच्या कॅमेऱ्याने वाचून ठेवाव्यात आणि त्या दिवसांची जेवणाची सोय आधीच करून घ्यावी.